रक्ताच्या रिपोर्टात ४६ आलं म्हणजे गुन्हा शाबित झाला का?

कोरेगाव तालुक्यातल्या एका गृहस्थांचा प्रश्न आहे. त्यांचा धाकटा भाऊ दुधाच्या टँकरवर ड्रायव्हर आहे. मे महिन्यात लग्नाहून मोटारसायकलवर परत येताना माहुलीजवळ त्याची गाडी एका कारला घासली आणि कारमधल्या माणसाच्या हाताला खरचटलं. पोलिसांनी तोंडाला मशीन लावलंच नाही, थेट सरकारी दवाखान्यात नेऊन रक्त काढायला लावलं. भाऊ म्हणतो, सिस्टरनी सुई टोचण्याआधी स्पिरिटचा बोळा फिरवला. रक्ताची बाटली नवव्या दिवशी लॅबला पोचली आणि तीन महिन्यांनी सीए रिपोर्ट (सरकारी लॅबच्या रासायनिक विश्लेषकाचा अहवाल) आला, १०० मिलि रक्तात ४६ मिलिग्रॅम अल्कोहोल. आता दोषारोपपत्र दाखल झालंय. ते विचारतात, 'दोनच बिअर घेतल्या होत्या. रिपोर्ट चॅलेंज करता येतो का, की दंड भरून मोकळं व्हावं?'

मी साताऱ्यात फौजदारी वकिली करतो आणि अशा केसेस दोन्ही टोकांच्या पाहिल्यात. चॅलेंज करता येतो. पण त्याआधी एक सांगतो. 'दोनच बिअर' हे वाक्य इथून पुढे कुणासमोरही काढू नका. ६५० मिलिच्या साध्या, पाच टक्क्यांच्या एका बाटलीत साधारण २५ ग्रॅम अल्कोहोल असतं. पासष्ट किलोच्या माणसाने ती रिकाम्या पोटी घेतली तर हिशेबाने आकडा पन्नाशीच्या पुढे जातो. कायद्याची मर्यादा आहे ३०. म्हणजे 'दोनच' म्हणून भाऊ सुटत नाही, तो सरकारी वकिलांचं काम हलकं करतो.

तेव्हा ४६ हा आकडा बरोबर की चूक यावर भांडण लावून उपयोग नाही. लॅबच्या टेबलावर जी बाटली पोचली तिच्यात ४६ निघालं, एवढंच रिपोर्ट सांगतो. ती बाटली तुमच्या भावाची होती का आणि त्याच्या शिरेतून निघाल्यापासून टेबलावर पोचेपर्यंत तिचं काय झालं, हे रिपोर्ट सांगत नाही, सांगू शकत नाही. ते डॉक्टर, हवालदार आणि मुद्देमाल कारकून यांनी सांगायचं असतं. डेअरीत फॅट कमी लागलं की जाणता गवळी मशीनशी हुज्जत घालत नाही, 'नमुना माझ्याच कॅनचा कशावरून?' असं विचारतो. तुमच्या भावाला हे वेगळं समजवावं लागणार नाही.

आता कायदा थोडक्यात. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम १८५. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही, दुसऱ्यांदा सापडला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पंधरा हजार दंड किंवा दोन्ही. बरोबर भारतीय न्याय संहितेचं २८१, म्हणजे बेदरकार गाडी चालवणं, आणि दुखापतीचं कलम १२५ असणार. ही कलमं दारूवर अवलंबून नाहीत. रक्ताचा पुरावा सगळा कोसळला तरी कारवाल्याची साक्ष टिकली तर २८१ उभं राहतं. हे आधीच माहीत असलेलं बरं, कारण लोक रिपोर्टच्या मागे इतके लागतात की घटनास्थळ पंचनाम्याकडे कुणी बघतच नाही.

'मशीन लावलं नाही म्हणजे केस संपली' असं तुम्हाला कुणीतरी सांगितलंय, हे प्रश्नावरून दिसतं. व्हॉट्सअॅपवर तसे निकाल फिरतात आणि त्यातले काही खरेही आहेत, पण ते जुन्या कलमावरचे. पूर्वी १८५ मध्ये फक्त श्वासचाचणीचा उल्लेख होता, त्यामुळे ब्रेथ अॅनालायझर नसेल तर हे कलमच लागत नाही असा युक्तिवाद चालायचा. २०१९ च्या दुरुस्तीत 'किंवा प्रयोगशाळेतील चाचणीसह इतर कोणत्याही चाचणीत' अशा अर्थाचे शब्द आत आले आणि ते दार बरंचसं बंद झालं. तरीही मुद्दा पूर्ण मेलेला नाही. कलम २०४ वाचलं तर रक्त मागण्याची पायरी श्वासचाचणीनंतर येते, म्हणजे मशीनने अल्कोहोल दाखवलं किंवा माणसाने फुंकायला नकार दिला तर. मशीन का लावलं नाही, त्याची स्टेशन डायरीत नोंद आहे का, हे तपासी अंमलदाराला जरूर विचारावं. फक्त त्या एका प्रश्नावर निर्दोष सुटका होईल, अशी आशा धरू नये.

दुसरा गैरसमज दोन तासांचा. कलम २०२ म्हणतं की १८५ खाली विना वॉरंट अटक केली तर दोन तासांत वैद्यकीय तपासणी झाली पाहिजे, नाहीतर त्याला कोठडीतून सोडावं. 'कोठडीतून सोडावं' हा तिथला परिणाम आहे, 'खटल्यातून सोडावं' हा नव्हे. उशीर झाला असेल तर तो पुराव्याच्या वजनावर बोलायला उपयोगी पडतो, त्यापलीकडे नाही.

आता उशिराबद्दलच आणखी थोडं, कारण इथे बरेच वकीलही घसरतात. समजा अपघात दहाला झाला आणि रक्त सव्वाबाराला काढलं. 'इतक्या उशिरा काढलेल्या रक्तावरून गाडी चालवताना किती होतं ते कसं सांगणार?' हा प्रश्न ऐकायला छान वाटतो. पण शरीर अल्कोहोल पचवतं तसा १०० मिलि रक्तामागचा आकडा तासाला साधारण १० ते २० मिलिग्रॅमने उतरतो. दारू आधीच अंगात भिनली असेल तर सव्वाबाराला ४६ म्हणजे दहाला सत्तरीच्या पुढे असण्याची शक्यता जास्त. सरकारी वकील हुशार असले तर तुमचाच प्रश्न तुमच्यावर उलटवतात. हा मुद्दा फक्त एका परिस्थितीत चालतो. शेवटचा घोट घेऊन लगेच किक मारली असेल तर आकडा अजून चढत असतो, कारण अल्कोहोल रक्तात पूर्ण उतरायला अर्धा ते दीड तास लागतो. भाऊ लग्नाच्या मांडवातून किती वाजता निघाला, जेवला होता का, हे वकिलांना खरं सांगा. ते कोर्टात मांडायचं की नाही हे ते ठरवतील.

खरं काम बाटलीच्या प्रवासात आहे, त्यामुळे तिथे जरा थांबतो.

आपल्याकडे १९५९ चे मुंबई दारूबंदी (वैद्यकीय तपासणी आणि रक्तचाचणी) नियम आहेत. ते दारूबंदी कायद्याखालचे, मोटार वाहन कायद्याचे नाहीत, आणि १८५ च्या केसला ते जसेच्या तसे बांधील आहेत का यावर वाद होतो. तरी पोलीस आणि डॉक्टर त्याच नियमांचे ए फॉर्म (डॉक्टरांचं तपासणीचं सर्टिफिकेट), बी फॉर्म (नमुन्याबरोबर लॅबला जाणारं पत्र) भरतात. मग मीही तीच मोजपट्टी पुढे ठेवतो. त्यात काय आहे? त्वचा निर्जंतुक पाण्याने पुसायची, रक्त काढताना कुठल्याही टप्प्यावर अल्कोहोलचा स्पर्श होऊ द्यायचा नाही. शिरेतलं किमान ५ सीसी रक्त. बाटलीत रक्त गोठू न देणारं आणि टिकवणारं रसायन. वर झाकण, लाखेचं सील, लेबल. सीलचा ठसा बी फॉर्मच्या पत्रावर. आणि नमुना काढल्यापासून सात दिवसांच्या आत तपासणी अधिकाऱ्याकडे पोचला पाहिजे. तुमचा नवव्या दिवशी पोचलाय.

हे दोन दिवस म्हणजे हुकमी पत्ता नाही. सात दिवसांची मुदत बंधनकारक की मार्गदर्शक, यावर सरकारी वकील वाद घालणारच. त्यापेक्षा मला नऊ दिवस जास्त महत्त्वाचे वाटतात. मे महिन्यातले नऊ दिवस, साताऱ्याचा उन्हाळा, आणि बाटली कुठे होती? दवाखान्याच्या फ्रीजमध्ये, की पोलीस ठाण्यातल्या लाकडी कपाटात? मुद्देमाल रजिस्टरला तिची नोंद कोणत्या तारखेला झाली, पुणे किंवा कोल्हापूरच्या लॅबला ती घेऊन जाणारा कॅरियर हवालदार कोण, त्याचा जबाब दोषारोपपत्रात आहे का? अनेक दोषारोपपत्रांत डॉक्टरांचा जबाब असतो, लॅबचा रिपोर्ट असतो आणि मधल्या माणसाचा पत्ताच नसतो. ही पोकळी दिसली की मी खूश होतो, हे लपवत नाही.

पण इथेही एक लगाम आहे. याच मुद्द्यावरचा आपल्याकडचा जुना निकाल म्हणजे उखा कोल्हे विरुद्ध महाराष्ट्र राज्य, सर्वोच्च न्यायालय, १९६३. धुळ्याचा जीप अपघात होता, आणि रक्त काढल्यापासून लॅबला जाईपर्यंत ते कुणाच्या ताब्यात, कोणत्या अवस्थेत होतं हा प्रश्न तिथेही उभा राहिला. न्यायालयाने त्या पोकळीची दखल घेतली, पण आरोपीला थेट सोडून दिलं नाही, आणखी पुरावा घेण्याची वाट मोकळी ठेवली. ठरावीक कलमाच्या चाकोरीबाहेर काढलेलं रक्त पुराव्यात येऊच शकत नाही, हेही मान्य केलं नाही. म्हणून पोकळी कधी दाखवायची याला महत्त्व आहे. खटल्याच्या सुरुवातीलाच आरडाओरडा केला तर सरकार पक्ष कॅरियरला साक्षीदार म्हणून आणून भोक बुजवतो.

बाटलीतल्या रसायनाकडे वळू. सोडियम फ्लोराईड नसेल तर रक्तातले जंतू आणि यीस्ट साखरेपासून अल्कोहोल तयार करू शकतात, आणि उन्हाळ्यात हे लवकर घडतं. तालुक्याच्या दवाखान्यात साखर तपासायला जो करड्या झाकणाचा बल्ब (रक्त साठवायची छोटी नळी) असतो त्यात फ्लोराईड असतं. जांभळ्या झाकणाच्या बल्बमध्ये ईडीटीए असतं, ते गोठणं थांबवतं पण आंबणं थांबवत नाही. लाल झाकणाच्या साध्या बल्बमध्ये यातलं काहीच नाही. तेव्हा डॉक्टरांना उलटतपासात पहिला प्रश्न, बल्ब कोणत्या रंगाचा? दुसरा, त्यात काय होतं हे तुम्हाला माहीत होतं, की स्टोअरमधून आला तसा वापरला? तिसरा, ए फॉर्मवर त्याचा उल्लेख कुठे आहे? लॅबचा रिपोर्टही नीट वाचा. नमुना कोणत्या स्थितीत मिळाला, सील शाबूत होतं का, किती मिलि होतं, हे त्यात लिहिलेलं असतं. माझ्याकडच्या एका केसमध्ये डॉक्टरांच्या कागदावर एकच बाटली होती आणि लॅबच्या कागदावर दोन. त्या दिवशी डॉक्टरांना फार प्रश्न विचारावे लागले नाहीत.

मात्र नमुना फ्लोराईडमध्ये आणि थंड ठेवला असेल तर दिवस गेले म्हणून अल्कोहोल वाढत नाही, झालं तर थोडं कमीच होतं. नुसता उशीर घेऊन उभं राहिलात तर न्यायाधीश हेच म्हणतील. उशीर, उष्णता आणि रसायनाचा अभाव, या तिन्ही गोष्टी जुळल्या तर शंका वाजवी ठरते.

स्पिरिटच्या बोळ्याचं काय? लोक यावर सगळ्यात जास्त भिस्त ठेवतात. बोळा सुकल्यावर सुई घातली असेल तर तेवढ्याने आकडा ४६ वर गेला, असं मी कोर्टात छातीठोकपणे म्हणणार नाही. शिवाय बोळा कशाचा हेही बघावं लागतं. काही स्वॅबमध्ये आयसोप्रोपिल अल्कोहोल असतं, आणि लॅबने गॅस क्रोमॅटोग्राफी वापरली असेल तर ते इथाइल अल्कोहोलपासून, म्हणजे दारूतल्या अल्कोहोलपासून, वेगळं ओळखू येतं. सर्जिकल स्पिरिटमध्ये बहुधा इथाइल अल्कोहोलच असतं, ते वेगळं करता येत नाही. लॅबने डायक्रोमेटची जुनी रासायनिक पद्धत वापरली असेल तर ती फक्त इथाइल अल्कोहोललाच ओळखते असं नाही. पद्धतीचं नाव रिपोर्टवर शोधा. नसेल तर तोच एक प्रश्न झाला. बोळ्याचा खरा उपयोग वेगळा आहे. नियम साफ मना करतो आणि तरी बोळा लावला, म्हणजे ज्यांनी रक्त काढलं त्यांना ते कशासाठी काढतोय याची जाणीव नव्हती. मग लेबल, सील, रसायन याबद्दलचं त्यांचं 'सगळं नियमानुसार केलं' हे ठरीव वाक्य पोकळ वाटू लागतं. पण हे सिद्ध कसं करणार? भावाच्या शब्दाखेरीज काही नसेल तर सिस्टरना साक्षीला बोलावलंय का, हे पाहावं लागेल.

आकडा किती हेही विसरू नका. ३४ असता तर मी वेगळं बोललो असतो, कारण उपकरणाची चूक, रक्ताऐवजी सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वेगळा होणारा पातळ भाग, तपासलं गेल्याची शक्यता (सीरममध्ये आकडा दहा-पंधरा टक्क्यांनी जास्त दिसतो) असल्या गोष्टी तिथे निर्णायक ठरतात. १८० असता तर दंड भरा म्हणालो असतो. ४६ मधला आहे. किरकोळ चुकांनी तो ३० च्या खाली येत नाही, त्याला बाटलीवरच शंका लागते.

आता प्रत्यक्ष कोर्टात. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३२९ प्रमाणे सरकारी लॅबचा रिपोर्ट तज्ज्ञाला न बोलावता वाचला जातो. विश्लेषकाला बोलवायचं तर अर्ज करावा लागतो आणि बोलवायचं की नाही हे न्यायाधीशांच्या मर्जीवर असतं. 'उलटतपास घ्यायचाय' एवढं लिहिलेला अर्ज फेटाळला जातो. पद्धत नमूद नाही, बाटल्यांचा हिशेब जुळत नाही, फ्लोराईडचा उल्लेख नाही, असे नेमके मुद्दे लिहिले तर मंजूर होण्याची शक्यता असते. त्याहून महत्त्वाचं कलम ३३०. सरकार पक्ष कागदांची यादी देतो आणि आरोपीने मान्य-अमान्य सांगायचं असतं. घाईत, तारीख उरकायची म्हणून, डॉक्टरांच्या सर्टिफिकेटवर आणि बी फॉर्मवर 'मान्य' लिहिलं गेलं की वर सांगितलेलं सगळं संपलं. डॉक्टर येत नाहीत, कॅरियर येत नाही, प्रश्न कुणाला विचारणार?

'रक्त द्यायलाच नकार दिला असता तर?' हेही लोक विचारतात. मोटार वाहन कायद्याचं कलम २०५ म्हणतं की सबळ कारणाशिवाय दिलेला नकार सरकार पक्षाच्या पुराव्याला आधार म्हणून धरता येतो. आणि रक्त घेणं म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला लावणं, हा युक्तिवाद सर्वोच्च न्यायालयाच्या १९६१ च्या काथी कालू ओघड निकालानंतर फारसा चालत नाही. उलट १९७१ च्या बचुभाई करियानी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की तोंडाला वास, अडखळती चाल, अस्पष्ट बोलणं, विस्फारलेल्या बाहुल्या एवढ्यावरून दारू प्याल्याचा ठाम निष्कर्ष निघत नाही, रक्त किंवा लघवी तपासलेली नव्हती. म्हणून रक्ताचा रिपोर्ट बाजूला झाला तर डॉक्टरांचं 'वास येत होता' एकटं फार तग धरत नाही.

'मग सलमान खान कसा सुटला?' हा प्रश्न तुम्ही विचारला नसलात तरी चहाच्या टपरीवर कुणीतरी विचारेलच. २००२ च्या त्या अपघातात मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१५ मध्ये त्याला निर्दोष ठरवलं. रक्ताच्या नमुन्याबद्दलच्या शंका हे त्यातलं एक कारण, एकमेव नव्हे. आणि २०२४ मध्ये पुण्यातल्या कल्याणीनगरच्या पोर्शे अपघातात नमुनाच बदलल्याचा आरोप झाल्यापासून बाटली कुणाची, हा प्रश्न पोलिसांच्याही डोक्यात आधीपेक्षा जास्त असतो.

दंड भरून मोकळं व्हावं का? लोकअदालतीत मिटवू असं कुणी म्हणालं तर लक्षात ठेवा, मोटार वाहन कायद्यातल्या तडजोडीच्या कलम २०० च्या यादीत १८५ नाही. तिथे जे होतं ते गुन्हा कबूल करणं आणि शिक्षा भोगणं. ज्याचं पोट स्टिअरिंगवर नाही आणि आकडा मोठा आहे, त्याला मी बहुतेक वेळा तेच सुचवतो. तुमच्या भावाचं तसं नाही. शिक्षा नोंदली गेली की पुढच्या वेळी दुसरा गुन्हा धरला जातो, आणि कबुलीनंतर आरटीओने लायसन तीन महिने किंवा जास्त निलंबित केलं तर तिथे वाद घालायला फारसं काही उरत नाही. टँकर मालक तितके दिवस थांबेल का, हे तुम्हालाच माहीत. कागदांत पोकळी दिसली तर लढा, बी फॉर्म, मुद्देमाल नोंद, कॅरियर सगळं चोख असेल तर वेळ घालवू नका. नकला बघितल्याशिवाय यापेक्षा पक्कं कुणी सांगत असेल तर त्याच्यापासून सावध राहा.

विम्याचं वेगळं गणित आहे. फौजदारी खटल्यात सुटलात म्हणून विमा कंपनी गप्प बसेल असं नाही. २०२१ च्या इफ्को टोकियो विरुद्ध पर्ल बेव्हरेजेस निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय की चाचणीचा आकडा नसला तरी नशेचा अंमल इतर पुराव्याने दाखवता येतो. म्हणून मोटारसायकलच्या नुकसानीचा दावा करताना फॉर्मवर काहीबाही लिहू नका, तो कागद पुढे समोर येतो.

आणि हे या आठवड्यातच करा. दवाखान्याकडे माहिती अधिकारात अर्ज टाका, फी दहा रुपये, उत्तर तीस दिवसांत. त्या रात्रीची ड्युटी यादी, एमएलसी रजिस्टरचा (पोलीस केसच्या रुग्णांच्या नोंदवहीचा) उतारा, रक्ताच्या बल्बचा स्टॉक आणि फ्रीजच्या तापमानाची नोंद मागा. पोलीस तपासाचे कागद माहिती अधिकारात मिळणं कठीण, ते दोषारोपपत्राच्या नकलांतूनच घ्या. त्यात ए फॉर्म आणि बी फॉर्म नसतील तर पुढच्या तारखेला वकिलांकरवी लेखी अर्ज देऊन मागा, तोंडी सांगून ते येत नाहीत.